वाचक विचारतात : चार पुतळ्यांची नावं कुणाला येतात?

गेल्या अंकात विचारलं होतं की आपल्या आजूबाजूच्या साध्या माणसाला इतिहास कितपत कळतो. पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळं मिळून भरपूर आलं, त्यातल्या निम्म्या लोकांनी दुसऱ्यांच्याच तक्रारी केल्यात (जावई, शेजारी, आजकालची पोरं), स्वतःबद्दल लिहिणारे कमी. थोडीच घेतलीत. नावं मुद्दाम काढलीत, नाहीतर पुढच्या अंकात भांडणंच छापावी लागतील.

प्रश्न : ताई, मुलगा आठवीत आहे. चार पुतळ्यापाशी सिग्नलला थांबलो होतो तर मागून विचारतो, पप्पा हे चौघं कोण? मला दोनच नावं आली, बायकोला एकही नाही. गाडीत मेहुणा होता पुण्याचा, तो म्हणाला तुम्हा सोलापूरकरांना जयंतीला डीजे लावायचं तेवढं कळतं, इतिहास शून्य. राग आला पण उत्तर सुचलं नाही. खरंच आपण एवढे अडाणी आहोत का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, आधी नावं घ्या म्हणजे पुढच्या सिग्नलला अडायला नको. मल्लप्पा धनशेट्टी, कुरबान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, सोलापूरचे चार हुतात्मे. आणि मेहुण्यांना एकदा विचारून बघा शनिवारवाडा कशानं गेला म्हणून, इंग्रजांनी पाडला म्हणतील, बरेच पुणेकर तेच म्हणतात, तो गेला १८२८ च्या आगीत. म्हणजे हिशेब बरोबर.

पण मस्करी बाजूला ठेवून सांगते, दोन नावं आली यात मला काही वाईट वाटत नाही. नावं काय, पुतळ्याखालीच लिहिलेली असतात. मला जास्त खटकतं ते वेगळंच. इथल्या कुणालाही थांबवून विचारा, रिक्षावाल्याला, बँकेतल्या साहेबांना, कॉलेजच्या पोरांना, गोष्ट साधारण अशी सांगतात की इंग्रजांनी मार्शल लॉ (लष्करी अंमल) लावला, चौघांना धरलं आणि लगेच फाशी दिली. ऐकायला ठीक वाटतं, पण त्यात मधलं सगळंच गळालंय.

झालं असं की १९३० च्या मे महिन्यात, ४ आणि ५ तारखेच्या मधल्या रात्री गांधीजींना अटक झाली, बातमी आल्यावर इथं हरताळ, गिरण्या बंद, मिरवणुका. ८ मेला लोक रूपाभवानीकडं शिंदीची झाडं तोडायला गेले (दारूबंदीचा भाग होता तो), तिथं धरपकड झाली, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा पोरगा गेला. शिवदारेंचं नाव किती जणांना येतं ते सोडाच. मग जमाव भडकला, मंगळवार पेठेतली चौकी पेटवली, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जाळली. त्यानंतर ९, १०, ११ मे, तीन दिवस शहरात सरकार म्हणून काही उरलंच नव्हतं, रहदारी आणि बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. १२ मेला मार्शल लॉ आला तो जूनच्या शेवटापर्यंत राहिला. आणि या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला, अपिलं झाली, ती फेटाळली, आणि फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्याला. म्हणजे आठ महिन्यांनी, आणि सोलापुरात नाही.

आता या मधल्या आठ महिन्यांतच खरे प्रश्न आहेत की ओ. हजारोंच्या जमावातून हे चौघंच कसे निवडले? साक्षी कुणी दिल्या? कुरबान हुसेन वर्तमानपत्र काढायचे, गिरणी कामगारांत त्यांचं काम होतं, धनशेट्टी, शिंदे, सारडा हे काँग्रेसच्या कामात पुढं होते, चौघं चार वेगळ्या समाजांतले. सरकारला दंगलीतले हात पाहिजे होते का पुढारी पाहिजे होते? हा प्रश्न तुमच्या मुलाला पडला तर त्याला चारही नावं नाही आली तरी चालेल, माझ्या मते.

आणि अजून एक, १२ जानेवारीला सकाळी मोबाईल बघा. जिजाऊंचे स्टेटस, विवेकानंदांचे स्टेटस, आणि लगेच गड्ड्याची (सिद्धेश्वरांच्या यात्रेची) गडबड असते, नंदीध्वजांची तयारी, अक्षता एक-दोन दिवसांवर. त्यात हुतात्म्यांचा दिवस दबून जातो. लोक विसरलेत असं मी म्हणणार नाही, पण एका तारखेला मावेल तेवढंच लक्षात राहतं.

प्रश्न : मी एमपीएससी करतोय. सोलापूर मार्शल लॉ, तारखा, नावं, सगळं पाठ आहे. तरी आजोबा म्हणतात तुला इतिहास कळत नाही. – अशोक चौक

उत्तर : आजोबांना विचारा त्यांना काय कळतं म्हणायचंय, आणि ते काय सांगतात ते लिहून पाठवा. पेपरला ते येणार नाही, पण आम्ही छापू.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलंय की भुईकोट किल्ल्यातून विजापूरपर्यंत भुयार आहे आणि त्यातून घोडेस्वार जायचे, इंग्रजांनी ते बुजवलं. मी शंका काढली तर मला ग्रुपवर शिव्या पडल्या, म्हणे आपल्या किल्ल्याचा अभिमान नाही तुला. भुयार आहे का नाही? – नवी पेठ

उत्तर : विजापूर इथून शंभर किलोमीटर आहे. मध्ये भीमा आडवी. शंभर किलोमीटर भुयार खणायचं, त्यात हवा खेळती ठेवायची, नदीखालून न्यायचं आणि वर घोडे पळवायचे, हे ज्यांना जमलं त्यांनी विजापूर रोडवर इतकी वर्षं खड्डे का ठेवले असते! महाराष्ट्रात असा किल्ला दाखवा ज्याला भुयार नाही. प्रत्येक गावात एक माणूस असतो ज्याच्या आजोबांनी ते बघितलेलं असतं.

पण मला वाईट याचं वाटतं की या किल्ल्याची खरी गोष्ट भुयारापेक्षा भारी आहे आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही. सोलापूर हुंड्यात दिलेलं गाव आहे. ते पण दोनदा. १५२४ ला विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, लग्न इथं सोलापुरातच लागलं, आणि हुंड्यात सोलापूर देतो असं कबूल केलं. दिलं नाही. त्यावरून पुढं कित्येक वर्षं दोन्ही घराण्यांच्या लढाया, किल्ला कधी यांच्याकडं कधी त्यांच्याकडं. मग पुढच्या पिढीत उलटं झालं, अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची पोरगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून सोलापूर विजापूरला गेलं. ती पोरगी म्हणजे चांदबिबी. या सोयरिकीनं जुनं भांडण मिटलं, आणि त्यानंतर लवकरच, जानेवारी १५६५ मध्ये, हे सगळे सुलतान एकत्र येऊन विजयनगरवर गेले, तालिकोटची लढाई म्हणतात ती. म्हणजे पार्कवर भेळ खात आपण ज्या तटाकडं पाठ करून बसतो ना, त्या किल्ल्याचा वाद मिटल्याशिवाय दक्षिणेतलं ते एवढं मोठं राजकारण जमलं नसतं.

चांदबिबीचं पण तसंच. तिचं नाव सगळ्यांना माहीत असतं, नगरचा किल्ला मुघलांपासून वाचवला म्हणून. पण ती विजापूरची राणी होती, नवरा गेल्यावर तिथला कारभार बघितला, हे विचारलं तर लोक गप्प. आणि नगरला डोंगरावर जाऊन ज्याला आपण चांदबिबीचा महाल म्हणून फोटो काढतो तो महाल नाहीच, सलाबतखानाची कबर आहे ती. पाटी लावलेली असते, वाचतं कोण.

ग्रुपवर भांडू नका. फक्त विचारा, "हे कशावरून?" शांतपणे, इमोजी न टाकता. उत्तर नाही आलं तर तेच उत्तर.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. पोरं सीरियल बघून येतात आणि मलाच दुरुस्त करतात, मॅडम तुमचं चुकलं, टीव्हीत असं दाखवलं. परवा एक जण म्हणाला महाराजांच्या जन्माच्या दोन तारखा आहेत म्हणजे इतिहास सगळा बनवलेलाच आहे ना. काय सांगायचं? – शिक्षिका, होटगी रोड

उत्तर : मॅडम, तो दोन तारखांवाला पोरगा मला फार आवडला, त्याला सोडू नका. त्याला सांगा की पूर्वी १६२७ हे साल मानायचे कारण उशिराच्या बखरींमध्ये तसं होतं. मग जेधे शकावली उजेडात आली, म्हणजे मावळातल्या जेधे घराण्याकडची सालवार टिपणं, टिळकांनी ती १९१६ ला छापली, त्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. अजून एका बाजूनं आधार पाहिजे म्हणून जन्मपत्रिका, इतर कागद, सगळं ताडून बघितलं, अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले, आणि शेवटी सरकारनं १९ फेब्रुवारी धरली. तिथीवाले तिथीनं करतात तो भाग निराळा. आधीच्या कागदापेक्षा त्या काळाला जवळचा कागद सापडला म्हणून तारीख बदलली, कुणाच्या मनात आलं म्हणून नाही. याला बनवलेलं म्हणत नाहीत, तपासलेलं म्हणतात. उलट जिथं कधीच काही बदलत नाही ना, त्या भुयारासारखं, तिथं संशय घ्यायचा.

सीरियलचं काय, बघू दे. सीरियलनं एक काम चांगलं केलंय, सोयराबाई, येसूबाई, हंबीरराव ही नावं स्वयंपाकघरापर्यंत आली, ती पुस्तकानं आली नव्हती. फक्त संवाद कुणी लिहिले एवढं विचारायची सवय लावा. त्या खोलीत तेव्हा दोघंच होते तर तिसऱ्यानं ऐकलं कुठून, असं विचारलं की पोरं स्वतःच हसतात.

आणि जमलं तर त्यांना एकदा माचणूरला न्या. औरंगजेब पंचवीस-सव्वीस वर्षं दख्खनेत अडकला हे प्रत्येक पोराला माहिती असतं, मोठ्या तोंडानं सांगतात. पण त्यातली चारेक वर्षं, १६९५ ते १६९९, तो आपल्या मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला (माचणूरला लागूनच) भीमेच्या काठी छावणी टाकून बसला होता, हे किती जणांना माहिती? दिल्लीचा कारभार मंगळवेढा तालुक्यातून चालत होता! पुस्तकातलं दख्खन म्हणजे कुठंतरी लांब असं वाटतं पोरांना, आणि माचणूर म्हणजे सिद्धेश्वराला जायचं, डबा खायचा, घाटावर पाय बुडवायचे. दोन्ही एकच जागा आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. माझ्या मते आपली खरी अडचण इथं आहे. माहिती कमी नाही आपल्याकडं, पुस्तकातला इतिहास आणि पायाखालचा इतिहास यांची गाठ कुणी घालून देत नाही, आणि ती नसली की मग जो जोरात सांगेल त्याचं खरं.

प्रश्न : माझी आई शाळेत गेली नाही. विड्या वळल्या आयुष्यभर. तिला साल विचारलं तर सांगता येत नाही, सगळं दुष्काळात, किल्लारीच्या वेळी, गिरणी बंद झाली तेव्हा असं सांगते. माझा मुलगा हसतो तिला, म्हणतो आजीला हिस्ट्री येत नाही. – पूर्व भाग

उत्तर : मुलाला माझ्याकडं पाठवा.

आजी सांगतात ती कालगणनाच आहे. दुष्काळ म्हणजे १९७२, किल्लारी म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट, सोलापुरातले लोक सुद्धा घराबाहेर पळाले होते. या दोन खुणा घट्ट आहेत, त्यांच्या अलीकडं पलीकडं आजी जे सांगतील ते बऱ्यापैकी सालात बसवता येतं. थोरला पोटात होता का झाला होता, तेव्हा कुठल्या घरात राहत होतो, एवढं विचारलं तरी वर्ष सापडतं.

अशा माणसांची आठवण कुठं पक्की असते आणि कुठं घसरते हे मात्र ओळखायला लागतं. भाव, पगार, चव, कोण कुणाशी बोलत नव्हतं, पाणी कुठून आणायचो, हे पक्कं. तारखा, आकडे, कुठला मंत्री आला होता, हे कच्चं. आणि जे शंभरदा सांगून झालंय ते थोडं नाटकी झालेलं असतं, त्यात काल बघितलेला पिक्चर पण मिसळतो. म्हणून "आजी इतिहास सांग" असं विचारायचंच नाही, त्या म्हणतील मला काय येतंय. हजार विड्यांना तेव्हा काय मिळायचं, पानं कोण द्यायचं, वाईट निघाल्या म्हणून किती काढून टाकायचे, भोंगा झाला की घरात काय काय व्हायचं, असं विचारा. जुन्या गिरणीची सुरुवात १८७७ ची, तेव्हापासून या गावाचं घड्याळ भोंग्यावर चाललं. आजी तेलुगूतून सांगत असतील तर तेलुगूतूनच रेकॉर्ड करा, मराठी नंतर करता येईल.

आणि घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल तर रझाकाराच्या वेळचं विचारा. तेव्हा निजामाची हद्द इथून हाकेवर होती, पलीकडून लोक गाठोडी घेऊन सोलापूरला आले, किती घरांत अजून त्या गोष्टी आहेत. १३ सप्टेंबर १९४८ ला जनरल चौधरींची फौज सोलापूरकडून हैदराबाद रोडनं निघाली, पहिली झटापट नळदुर्गला झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला झेंडावंदन असतं, सुट्टी असते. सोलापुरात त्या दिवशी काहीच नसतं, कारण आपण तेव्हा मुंबई प्रांतात, आपण आधीच स्वतंत्र. फौज आपल्या दारातून गेली आणि आपल्या आठवणीत तो शेजारच्यांचा दिवस म्हणून राहिला.

प्रश्न : सेटलमेंट भागाजवळ लहानाची मोठी झाले. वाटायचं जमिनीचं काहीतरी सेटलमेंट असेल. आता मैत्रीण म्हणते तिथं माणसं कोंडून ठेवायचे. खरं का? – वाचक, सध्या पुणे

उत्तर : खरं आहे. १८७१ ला इंग्रजांनी कायदा करून काही जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, म्हणजे मूल जन्मलं की गुन्हेगार. नंतर त्यांना वसाहतींत ठेवायला सुरुवात झाली, सोलापूरची वसाहत त्यातली मोठी. तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायला पास, आणि कामाला गिरण्यांत. कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. विमुक्त दिन म्हणून ती माणसं तो दिवस पाळतात, बाकी शहराला पत्ता नसतो.

आपण सोलापूरकर मार्शल लॉबद्दल छाती पुढं काढून बोलतो, आणि बोलायलाच पाहिजे. पण त्याच शहरात, त्याच वर्षांत, कुंपणाच्या आत माणसं हजेरी देत होती हे सांगताना आवाज बारीक होतो. लोकांना माहीत नाही असं नाही, तुमच्या घरातल्या मोठ्यांना माहीत असणार. पोरांना सांगितलं नाही एवढंच. तिकडून जाताना कधी "तिथं खेळायला जाऊ नको" असं सांगितलं होतं का घरी? का सांगितलं होतं ते आता विचारा.

प्रश्न : आमच्या माळ्यावर मोडी कागद निघालेत. एका ओळखीच्यानं एका कागदावरचं साल वाचलं, सन ११७२. म्हणजे आमचा कागद साडेआठशे वर्षांपूर्वीचा, सिद्धरामेश्वरांच्या काळातला! पेपरला द्यावं म्हणतोय. त्याआधी लॅमिनेशन करून घेऊ का? – बार्शी रोड

उत्तर : काका, थांबा! पेपरला पण देऊ नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका.

ते ११७२ इसवी सन नाही. जुन्या मराठी कागदांत शुहूर सन असतो नाहीतर फसली, या दोन्ही तेव्हाच्या कालगणना. शुहूर असेल तर ५९९ मिळवा, म्हणजे १७७१-७२, थोरल्या माधवरावांच्या शेवटच्या दिवसांतला. फसली असेल तर ५९० मिळवा, १७६२-६३, पानिपतानंतर दोनच वर्षं. शके लिहिलेलं असतं तर ७८. कुठला सन आहे ते कागदातच लिहिलेलं असतं, ओळखीच्याला परत एकदा नीट वाचायला सांगा, शुहूर असेल तर आकडे बहुतेक अरबी शब्दांत असतील, "इसन्ने सबैन मया व अलफ" असं काहीतरी. अडीचशे वर्षांचा कागद पण काही कमी नाही. बहुतेक जमिनीचा नाहीतर वतनाचा असेल, एखादी तंटा-तक्रार निघाली तर अजून मजा.

लॅमिनेशन म्हणजे गरम प्लॅस्टिक, ते एकदा चिकटलं की कागद परत सुटत नाही. सेलोटेप पण नको, डाग पडतो. घड्या जबरदस्तीनं उलगडू नका. खिडकीपाशी उजेडात, फ्लॅश बंद करून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाठीमागं पण शेरे असतात. कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, माळ्यावर परत नको. फोटो मोडी वाचणाऱ्याला दाखवा, विद्यापीठात चौकशी करा नाहीतर पुण्याच्या पुराभिलेखागारात, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. कुणबी नोंदींच्या गडबडीपासून मोडीवाल्यांना भाव आलाय, तेव्हा पानाला किती घेणार ते आधीच ठरवून घ्या.